उतरायचं कुठे

शुक्रवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, तीन नंबरच्या खोलीतल्या चादरी दोरीवर टाकून झाल्यावर, नम्रता शिवलकर पडवीतल्या खुर्चीत फोन घेऊन बसली आणि एका हॉटेलच्या नाश्त्याच्या फोटोत तिला तिचा दीर संदेश दिसला. फोटो कुणा पाहुण्याने काढलेला. पुढे दोन बशा, फळांचे काप, एका म्हातारीचा हसरा चेहरा, आणि मागे तव्यावर वाकलेला पांढऱ्या टोपीतला माणूस. त्याचा चेहरा अर्धाच आला होता. पण उलथनं डाव्या हातात होतं आणि उजवा हात कमरेवर मागे मुडपून ठेवलेला होता, आणि तसा उभा राहून घावणे काढणारा माणूस नम्रताने आयुष्यात एकच पाहिला होता. तिने फोटो दोन बोटांनी मोठा केला. मोठा केल्यावर तो धुरकट झाला आणि कुणाचाही असू शकला असता. पुन्हा लहान केला, पुन्हा तो संदेश झाला. खाली लिहिलं होतं, संदेशदादांनी आमच्या आजीसाठी खास घावणे करून दिले, त्यांचे आभार मानावे तितके कमी. खोपोलीजवळच्या थीम पार्कला लागून असलेल्या हॉटेलात घावणे. तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. मग तिला आठवलं की सहलीसाठी हे हॉटेल तिने शोधलेलं नव्हतं. ते तिच्या नवऱ्याने, रितेशने शोधलं होतं. त्यानेच त्याच्यापुढे लाल बदामाची खूण करून ठेवली होती आणि काल जेवताना, ताटावरून नजर न उचलता, हे बरं वाटतं, एवढंच म्हणाला होता.

फोटोंवर नम्रताचा तसा कधीच विश्वास नव्हता. गणपतीपुळ्याहून मालगुंडकडे जाताना त्यांचं घर लागतं. खाली राहतं घर, वर आणि बाजूला मिळून पाहुण्यांच्या चार खोल्या, फाटकावर घरगुती राहण्या-जेवणाची सोय अशी पाटी. त्या चार खोल्यांचे फोटो तिनेच काढले होते. खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर उभं राहून काढला की दहा बाय दहाची खोली सभागृहासारखी दिसते, हे तिला माहीत होतं. पडदा ओढलेला असला की खिडकीमागे भिंत असते. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवलेला असला की बाथरूम दाखवण्यासारखं नसतं. समुद्र दोन मिनिटांवर, असं तिने स्वतः लिहिलं होतं आणि मूल बरोबर असेल तर नऊ मिनिटं लागतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाहुण्यांचे अभिप्रायही तसेच. धंदा नवीन होता तेव्हा पहिले सहा तिने खेडच्या मावसबहिणींच्या नावांनी लिहिले होते. एकीने माशाच्या कालवणाची तारीफ केली होती, तिला तर माशाचा वाससुद्धा सोसत नाही. त्यामुळे आता आठवडाभर ती जी हॉटेलं बघत होती त्यातलं प्रत्येक तिला कोणीतरी स्टुलावर चढून काढल्यासारखं दिसत होतं. पार्कच्या आतलं महागडं हॉटेल, तिथे लोक खोलीपेक्षा दाराबाहेरच्या राक्षसाच्या पुतळ्याविषयीच जास्त लिहीत. बाहेरचा एक लॉज, तिथल्या सगळ्या चांगल्या अभिप्रायांत एकच शब्द चुकीचा लिहिलेला, म्हणजे सगळे एकाच हाताचे. आणि रितेशने खूण केलेलं हे तिसरं. याविषयी मात्र तिला काल काहीच वावगं सापडलं नव्हतं, आणि तेच तिला खटकलं होतं.

सहल सानवीसाठी होती. सानवी नऊ वर्षांची, चौथीत. तिच्या वर्गातल्या तिघी-चौघी दिवाळीत त्या पार्कला जाऊन आल्या होत्या आणि त्यांच्या मनगटावरचे कागदी पट्टे अजून निघाले नव्हते. आपण सुट्टीत कुठेच जात नाही, कारण सुट्टीत सगळे आपल्याकडे येतात, असं ती एकदा तक्रारीच्या सुरात नव्हे तर माहिती दिल्यासारखं म्हणाली, आणि रितेशने ते मनावर घेतलं. डिसेंबर लागला होता. नाताळची गर्दी सुरू व्हायला दोन आठवडे होते, मधे अंगारकीही नव्हती. चार दिवस पाटी उतरवून ठेवू, तो म्हणाला. रितेश हे म्हणाला याचंच नम्रताला पहिल्यांदा नवल वाटलं. त्याला आंब्याच्या कलमांवरच्या मोहराची फवारणी सोडून एक दिवस बाहेर काढणं मुश्कील असायचं. लग्नाला तेरा वर्षं झाली, त्यात तो तिला एकदा महाबळेश्वरला घेऊन गेला होता आणि तिथेही स्ट्रॉबेरीच्या मळ्यात पाणी कसं देतात तेच बघत बसला होता. आता तोच माणूस संध्याकाळी चष्मा लावून, फोन हातभर लांब धरून हॉटेलं बघत होता. तिने मनाशी म्हटलं होतं, मुलीसाठी बदलतो माणूस. आज ते तिला खरं वाटेना. त्याला आधीपासून माहीत असणार. सहल, पार्क, मुलीची हौस, हे सगळं पुढे ठेवून त्याला तिला तिथे, त्या तव्यासमोर नेऊन उभं करायचं असणार. आणि मग काय बघायचं असणार? तिचा चेहरा.

चार वर्षांपूर्वीचा तो रविवारही डिसेंबरातलाच. तीन नंबरमध्ये सांगलीकडचे पाटोळे उतरले होते. नवरा पस्तिशीचा, बायको, सहा वर्षांचा मुलगा. आदल्या दिवशी देवदर्शन झालेलं, दुपारनंतर परतायचं होतं. सकाळी सात वाजता नम्रता गॅसच्या दोन शेगड्यांवर आठ जणांची न्याहारी बघत होती. खोल्यांचा हिशेब तिच्या डोक्यात असा होता की तीन नंबर लवकर मोकळी झाली तर अकराला येणाऱ्या पुण्याच्या लोकांना तीच देता येईल, म्हणजे दोन नंबरच्या गळक्या नळाचा प्रश्न दुपारवर ढकलता येईल. पाटोळेबाई चहाचे कप घ्यायला आत आल्या. त्यांनी साधं विचारलं, आत्ता पाण्यात गेलं तर चालेल का हो, हे म्हणतायत पोराला डुंबवून आणतो. नम्रताने घावण्यावर झाकण टाकलं आणि म्हणाली, ओहोटी आहे, जा बिनधास्त. एवढंच. ते बोलताना तिला एक घाईची, हलकी अशी बरं वाटल्याची भावना झाली होती, की चला, तासभर खोली रिकामी मिळेल, निदान झाडून तरी घेता येईल. ती भावना तिला आजही जशीच्या तशी आठवते. त्या बाईचा चेहरा आता तितका आठवत नाही.

नम्रता खेडची. तिचे वडील लोट्याला कंपनीत होते, घराजवळ जगबुडी नदी. नदीत पाणी उतरलं की भीती उतरते, एवढंच तिला पाण्याविषयी लग्नाआधी माहीत होतं. समुद्राचं तसं नसतं, ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढून नेतं, हे तिला सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आणि सांगणारा संदेशच होता. तेव्हा तो वाळूवर बसून काडीने रेघा मारून तिला समजावत होता. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं नाही. नऊ वर्षं त्या घरात काढल्यावर तिला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्या सकाळी तोंडातून आलं ते खेडचं आलं. कधी कधी तिला वाटे की ते खेडचंही नव्हतं, ते अकरा वाजताच्या पुण्याच्या लोकांचं होतं.

मुलाला संदेशने काढलं. आरडाओरडा ऐकून तो घरामागच्या नारळीच्या आगरातून तसाच पळत गेला होता. पोराला वाळूवर आणून टाकलं आणि बापासाठी पुन्हा दोनदा आत गेला. बाप दुसऱ्या दिवशी पलीकडच्या खडकांपाशी सापडला. संध्याकाळी पोलीस पडवीत बसून लिहून घेत होते. पाटोळेबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या कुणाकडेही बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या की घरातल्या माणसांनी सांगितलं, जा म्हणून. पोलिसाने मान वर करून विचारलं, कुणी सांगितलं? नम्रता स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आणि संदेश, अंगावर कुणीतरी टाकलेली चादर धरून, म्हणाला, मी सांगितलं. पाटोळेबाईंनी तेव्हाही वर बघितलं नाही. पोलिसाने लिहिलं आणि पुढचं विचारलं. बुडून मृत्यू अशी नोंद झाली, पुढे काही झालं नाही. दोन महिन्यांनी संदेश एक पिशवी घेऊन सकाळच्या मुंबई गाडीत बसला. कुठे जातोस म्हणून कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पाच वर्षांच्या सानवीला त्या रविवारीच खेडला आजोळी धाडलं होतं, ती परतली तोवर तो गेलेला होता. गावातले लोक तोंडावर बोलायचे, त्याला कंटाळून गेला असं नम्रताने धरून घेतलं.

पण ते ‘मी सांगितलं’ तिच्या घरातच राहिलं. त्या सकाळी ती बोलली तेव्हा संदेश कुठे होता? मागच्या पडवीत नारळ सोलत होता का? असेल तर त्याने ऐकलं असणार, आणि ऐकून तिला पाठीशी घातलं असणार. मग तो आज ना उद्या कुणाला तरी सांगेल. रितेशला सांगितलं असेल का? हा प्रश्न तिला पहिल्यांदा पडला तो संदेश गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, रितेश जेवताना तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला तेव्हा. नंतर तो बघायचा थांबला, तेव्हा तो का थांबला याचा तिला संशय आला. चहात साखर कमी पडली असं तो म्हणाला तरी ती त्या वाक्याच्या मागे जाऊन यायची. टीव्हीवर बुडाल्याची बातमी लागली की तो चॅनेल बदलायचा, ते तिच्यासाठी की तिच्यामुळे? संदेशचं नाव कुणी काढलं की ती उठून आत जायची. आत जाऊन ओट्याशी उभी राहायची आणि बाहेर आता काय बोलणं चाललंय ते कान देऊन ऐकायची. हळूहळू घरात कुणी ते नाव काढेनासंच झालं. सानवीला तिने पाण्यात पाय बुडवायचीही बंदी केली. समुद्रापासून नऊ मिनिटांवर राहणारी ती मुलगी आता लाटांचं पाणी बघायला खोपोलीच्या सिमेंटच्या तलावापाशी जाणार होती.

रितेश रत्नागिरीहून औषधाचे डबे आणि भाजी घेऊन दीडला आला. जेवणं झाल्यावर नम्रताने त्याच्यासमोर फोन धरला आणि दुसरी दोन हॉटेलं दाखवली. पार्कच्या आतलं किती सोयीचं पडेल, सानवी दमली तर लगेच खोलीवर आणता येईल, असं ती बोलत राहिली. आपला आवाज पाहुण्यांशी बोलतानाचा झालाय हे तिचं तिलाच कळत होतं. रितेश हं हं करत होता. मग म्हणाला, पण ते तिसरं काय वाईट आहे? ती म्हणाली, तिथे तुम्हाला काय आवडलं तेवढं सांगा. नाश्ता चांगला देतात म्हणे, तो म्हणाला, आणि बडीशेपेची डबी उघडून बराच वेळ आतच बघत राहिला. नम्रता त्याच्या कानाकडे बघत होती. खोटं बोलताना त्याचे कान तापतात. आत्ता तापले होते. तिला एकदम जिंकल्यासारखं वाटलं, आणि मग लक्षात आलं की तो खोटं बोलत असेल तर बाकीचंही सगळं खरं होतं.

“नाश्ता कोण करतं तिथे?” तिने विचारलं.

रितेशने डबी बंद केली. मग तो सांगू लागला, तुटक तुटक, खिडकीबाहेर बघत. गेल्या मे महिन्यात आंब्याच्या पेट्या घेऊन तो पनवेलला गेला होता तेव्हा बाजारात संदेश भेटला. हॉटेलसाठी भाजी घ्यायला आलेला. दोघं चहा प्यायले. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो, फार नाही, पाचेक मिनिटं. तो बरा आहे. लग्न केलं नाही. पोहायला मात्र जात नाही म्हणतो, हॉटेलात तलाव आहे तरी. नम्रता ऐकत होती आणि प्रत्येक वाक्यानंतर आता येईल, आता येईल म्हणून वाट बघत होती. पाच मिनिटांत माणूस काय काय सांगू शकतो, तिला तर त्या सकाळी चार शब्द पुरले होते. पण रितेश भलतंच बोलला.

“तुझा त्याच्यावरचा राग अजून गेला नसेल तर राहू दे,” तो म्हणाला. “दुसरं बघू. त्याच्यामुळे घराला बट्टा लागला, तुला किती त्रास झाला, मला काय कळत नाय? पण तो माझा भाऊस ना गो.”

ती उठून भांडी घेऊन आत गेली. माझा राग. तिने नळ सोडला आणि तो शब्द पाण्याखाली धरल्यासारखा पुन्हा पुन्हा ऐकला. हा खरंच असं समजतो, की समजत असल्याचं दाखवून मला बोलायला लावतोय? एखाद्याला सगळं माहीत असेल तर तो नेमकं असंच म्हणेल. काहीच माहीत नसेल तर तोही असंच म्हणेल. चार वर्षं ती या दोन माणसांबरोबर राहत होती, एकाच चेहऱ्याच्या. आणि दोघांपैकी कुणाला वाढतोय हे तिला एकदाही कळलं नव्हतं. त्या दुपारी तिला पहिल्यांदाच या सगळ्याचा कंटाळा आला. भीतीचा नव्हे, ओळखत बसण्याचा.

शनिवारी सानवीची सकाळची शाळा. ती गेल्यावर आणि रितेश पंप दुरुस्त करायला अंगणात बसल्यावर, नऊच्या सुमाराला नम्रता वरच्या चार नंबरच्या खोलीत गेली. दार लोटून तिने हॉटेलचा नंबर लावला. तिने ठरवलं होतं की पाहुणी म्हणून बोलायचं, आवाज ऐकायचा, तोच आहे की नाही एवढी खात्री करायची आणि ठेवायचं. काउंटरवरच्या मुलीने खोल्यांची माहिती दिली. नम्रताने विचारलं, लहान मुलीला मसालेदार चालत नाही, स्वयंपाकघरातल्या कुणाशी बोलता येईल का? थांबा हं मॅडम, देते. मग पावलं, दाराची करकर, भांड्यांचा मोठा आवाज.

“बोला ताई,” तो म्हणाला. आवाज जाडा झाला होता.

काय विचारायचं ते तिने पाठ केलं होतं. ते आठवेना. मुलीला घावणे चालतात, असं काहीतरी ती म्हणाली. पलीकडे भांडी वाजत राहिली.

“वहिनी?”

नम्रता नुकत्याच बदललेल्या चादरीवर बसली. आणि मग, कसे आहात वगैरे काही न विचारता, ती बोलत सुटली. भावजी, त्या दिवशी पोलिसांना तुम्ही मी सांगितलं म्हणालात, पण तुम्ही नाही, मी सांगितलं होतं. चहा देताना. त्या बाईंनी मला विचारलं होतं. मी म्हटलं ओहोटी आहे, जा. मला खोली रिकामी हवी होती. तुम्ही ऐकलंत आणि माझ्यासाठी खोटं बोललात, आणि मी तांब्या घेऊन उभी राहिले.

ती थांबली तेव्हा पलीकडे आवाज कमी झाला होता. तो बाहेर कुठेतरी आला असावा, कारण आता कावळे ऐकू येत होते.

“मी खोटं नाय बोललो,” तो म्हणाला. “मला त्या माणसाने फाटकाशी विचारलं. मी गाडी धुवत होतो. पाणी कसं आहे म्हणाला. मी मान पण वर केली नाय. म्हटलं, झकास आहे.”

“तुम्ही मागच्या पडवीत नव्हतात?”

“नाय. तुमचं मी काय ऐकलं नाय.”

नम्रताच्या डोक्यातली ती मागची पडवी, नारळाचा ढीग, कोयता, कान टवकारलेला संदेश, हे सगळं चार वर्षं इतकं स्पष्ट होतं की आता ते नाहीसं झाल्यावर तिथे काय ठेवायचं तेच तिला समजेना. तिथे कोणी नव्हतंच. तिला कोणी ऐकलं नव्हतं. तिने ज्याला घाबरून त्याचं नाव घरातून पुसलं तो माणूस फाटकाशी गाडी धूत उभा होता, त्याचं स्वतःचं एक वाक्य घेऊन.

“म्हणजे त्यांनी दोघांना विचारलं,” संदेश सावकाश म्हणाला. तो स्वतःशीच जुळवत होता. “आत बाईने तुम्हाला, बाहेर त्याने मला. वहिनी, मी चार वर्षं धरून बसलोय की मी एकट्यानेच पाठवला त्याला. रोज सकाळी तवा ठेवताना येतो तो डोळ्यांसमोर. तुम्ही तेव्हाच का नाय बोललात?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने काहीतरी उत्तर दिलं असतं. पुण्याच्या लोकांचं, नळाचं, भीतीचं. पण त्याला खरंच उत्तर हवं होतं. तिने चादरीवरची सुरकुती हाताने सपाट केली. थोड्या वेळाने कुणीतरी त्याला हाक मारली. तव्यावर टाकलंय, ठेवतो, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

खाली यायला तिला वेळ लागला. जिन्यावरून तिने पाहिलं, अंगणात रितेश पंपाची नळी फुंकून बघत होता. आता संदेश याला फोन करणार. करणारच. ती स्वयंपाकघरात गेली आणि तांदूळ निवडायला घेतले. खिडकीतून अंगण दिसत होतं. तासाभराने फोन वाजला. रितेशने हात लुंगीला पुसून घेतला, ऐकलं, कमी बोलला, एकदा घराकडे वळून बघितलं. बस, झालं. आता तो आत येईल आणि त्याच्या तोंडून मला माझंच वाक्य ऐकावं लागेल, ती मनाशी म्हणाली, आणि ताटातले तांदूळ एका बाजूला सारत राहिली.

रितेश दारात उभा राहिला. संदेशचा फोन होता, म्हणाला. हॉटेलात उतरू नका म्हणतो. पार्कच्या मागच्या गावात त्याची भाड्याची खोली आहे, तिथेच उतरा, तो कामावरून येऊन स्वयंपाक करेल. रितेश ओळखू येण्याइतका खूश होता आणि तेवढाच गोंधळलेला.

“आणि म्हणाला, वहिनीला तुझ्याशी काहीतरी बोलायचंय. मधे मधे बोलू नको, ऐकून घे. काय गो?”

म्हणजे त्याने सांगितलं नव्हतं. तिचं तिच्याकडे ठेवलं होतं. नम्रताने ताट बाजूला केलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. पाटोळेबाई कप घ्यायला आल्या तिथपासून. घावण्यावर झाकण टाकलं ते, अकराचे पाहुणे, खोली रिकामी होणार म्हणून बरं वाटलं तेसुद्धा. मग पोलीस, तांब्या. सकाळचा फोन, फाटक, गाडी. सांगताना ती सारखी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, कुठेतरी ती ओळखीची खूण दिसेल, हे आपल्याला आधीच माहीत आहे असं सांगणारं एखादं काही, जे ती इतकी वर्षं त्याच्या घासांत आणि गप्प बसण्यात शोधत होती. तसं काही नव्हतं. त्याचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. तो पहिल्यांदाच ऐकत होता. चार वर्षांतलं त्याचं प्रत्येक बघणं हे नुसतं बघणं होतं, आणि साखर कमी असायची तेव्हा साखरच कमी असायची.

तो खाली बसला, उंबऱ्यावरच.

“मी त्याला मारलं होतं,” तो म्हणाला. “तुला ठाऊक नाय. पोलीस गेल्यावर, आगरात. थोबाडीत दोन दिल्या. म्हटलं, तुझ्यामुळे एक बाई उघड्यावर पडली, आता घरात तोंड दाखवू नको. तो काय बोलला नाय. मग दोन महिने तो माझ्यासमोर जेवायला बसायचा नाय, ते बघितलंस तू?”

नम्रताने ते बघितलं होतं. तो तिला टाळतोय असं तिने धरलं होतं. तिने तसं सांगितलं. रितेशने मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. तिला वाटलं तो आता उठून जाईल, आणि गेला तर ते बरोबरच होईल. तो उठला नाही. फवारणीच्या औषधाचा वास त्याच्या कपड्यांना येत होता. तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, तळवे वर करून बसला होता, आणि बराच वेळ त्या हातांकडे बघत होता. त्याने तिला क्षमा केली असं काही तिला वाटलं नाही. त्याला क्षमेचा विचार करायला अजून जागाच नव्हती, आधी त्याचं त्यालाच काहीतरी निस्तरायचं होतं. तीही शेवटी त्याच्या समोर जमिनीवर बसली.

पावणेबाराला फाटक वाजलं. सानवी दप्तर ओढत आली आणि आईबाप असे स्वयंपाकघराच्या दारात खाली बसलेले बघून जरा थबकली. मग नेहमीसारखी विचारती झाली, उतरायचं कुठे ते ठरलं का? वर्गात सगळ्या विचारत होत्या. राक्षस असलेल्या हॉटेलात ना?

रितेशने नम्रताकडे बघितलं.

“नाही,” नम्रता म्हणाली. “आपण संदेशकाकांकडे उतरणार आहोत.”

सानवीने दप्तर खांद्यावरून काढलं. ती एकदा आईकडे, एकदा बाबाकडे बघत राहिली, दोघं थट्टा तर करत नाहीत ना ते ताडत.

“पण संदेशकाका तर बुडाले ना,” ती म्हणाली. “त्या माणसाला काढताना.”

नम्रताला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. सानवीच्या डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं. पाच वर्षांची असताना तिला जे कळलं होतं ते तिने तेव्हाच आपल्यापाशी ठेवून दिलं होतं आणि ते घेऊनच ती मोठी होत होती.

“कोणी सांगितलं तुला असं?” रितेशने विचारलं.

सानवीने आठवून बघितलं.

“कोणी नाही,” ती म्हणाली. “कोणी काहीच सांगितलं नाही.”